जळगाव–मुंबई दिवसाची गाडी, मोबाइल नको: वेळ कसा घालवायचा?

अमळनेरकर_ताई
राम राम मंडळी. दिवाळीनंतर जळगावहून मुंबईला दिवसाच्या गाडीने जायचंय, स्लीपर डबा, साधारण सात तास. परतीला सुरतमार्गे अमळनेर, तोही दिवसाच. मोठी माणसं चार, मुलं दोन (७ आणि १२ वर्षं), सोबत सासूबाई. दोन्ही मुलांच्या हातात मोबाइल द्यायचा नाही असं ठरलंय. पत्त्यांचा कॅट घेणारच आहे, पण पहिल्या तासातच भांडणं होतात. गाडीत खरोखर चालतात असे उद्योग सांगा. "निसर्ग बघा", "गप्पा मारा" हे माहीत आहे. नेमकं काय न्यायचं, कसं करायचं, कुठे फसतं ते हवंय.

किलोमीटर_दगड
ताई, १२ वर्षांच्या मुलाला एक साधं स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, वही आणि पेन्सिल द्या. पेन नको, हादऱ्यात शाई पसरते. अर्धा प्रवास तिथेच निघतो.

लाइनीच्या कडेला विजेचे खांब आहेत. प्रत्येकावर छोटी पाटी असते, वर एक आकडा, खाली एक. वरचा आकडा किलोमीटर, खालचा त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक. भुसावळ–मुंबई मुख्य लाइनीवर हे किलोमीटर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजलेले आहेत. जळगाव साधारण ४२०, चाळीसगाव ३२८, मनमाड २६१, इगतपुरी १३७, कल्याण ५४. म्हणजे तुमच्या जाण्याच्या प्रवासात आकडे उतरत जातील, आणि "अजून किती राहिलं?" हा प्रश्न पोरगा तुम्हाला विचारणार नाही, तोच तुम्हाला सांगेल.

आता वेग. वरचा आकडा बदलला की घड्याळ सुरू, पुन्हा बदलला की बंद. ३६०० ला आलेल्या सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर मिळतात. ६० सेकंद म्हणजे ६०, ४५ म्हणजे ८०, ४० म्हणजे ९०, ३६ म्हणजे १००, ३० म्हणजे १२०. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर घरूनच लिहून द्या. गाडीत भागाकार करायला लावलं तर ती शाळा होते आणि वही बंद पडते.

फसतं कुठे? एक, खिडकीच्या अगदी काटकोनात बघितलं तर पाटी डोळ्यासमोरून भुर्रकन जाते. थोडं पुढच्या बाजूला तिरकं बघायचं, पाटी येताना दिसली पाहिजे. दोन, एका बाजूच्या खांबांवर विषम क्रमांक असतात, दुसऱ्या बाजूच्या खांबांवर सम. ५ नंतर थेट ७ आला म्हणून पोरगं गोंधळतं, ते आधी सांगून ठेवा. तीन, जिथे दोनपेक्षा जास्त लाइनी आहेत (उदाहरणार्थ कल्याणच्या पुढे) तिथे मध्ये दुसरी गाडी किंवा लांबचे खांब येतात, पाट्या नीट दिसत नाहीत. चार, एकाच किलोमीटरवर विश्वास ठेवायचा नाही. घड्याळ दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी १०० च्या जागी ९९ किंवा १०१ येतं. सलग तीन किलोमीटर मोजून तीनने भागा.

घाटात हाच खेळ बदलतो. इगतपुरी–कसारा उतार ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. उतरणाऱ्या गाड्या इगतपुरीला थांबवून ब्रेक तपासतात, मग सोडतात. घाटात सेकंद एकदम वाढलेले दिसतील. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना उलट कसाऱ्याला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. समोरून वर चढणारी गाडी आली तर तिच्या शेपटाकडे बघायला सांगा.

अपडाऊन_पाचोरा
वरच्यात भर. लहान मुलाला आकडे नको, स्टेशनं द्या. जळगाव ते चाळीसगाव या क्रमाने चिठ्ठी लिहा: शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, पाचोरा, गाळण, नगरदेवळा, कजगाव, वाघळी, चाळीसगाव. स्टेशन गेलं की फुली. ७ वर्षांच्या मुलाला पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं धावत्या गाडीतून वाचता येत नाहीत असं वाटतं, पण पुढचं नाव आधीच माहीत असलं की पहिलं अक्षर ओळखूनच तो ओरडतो. पाट्या फलाटाच्या दोन्ही टोकांना असतात, एक चुकली तर दुसरी सापडते.

पाटीच्या खालच्या बाजूला समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती फक्त गाडी थांबते तिथेच वाचता येते. ज्या स्टेशनांवर थांबाल तेवढ्याच उंच्या टिपा. जळगाव–भुसावळचा पट्टा दोनशे मीटरच्या आसपास, इगतपुरी सहाशेच्या आसपास, आणि कल्याणला पोचाल तेव्हा जवळपास शून्यावर. मोठ्या मुलाला याचा आलेख काढता येईल, चौकटीची वही न्या.

मालगाड्यांचे डबे मोजणं हा फुकटचा खेळ. आधी सगळ्यांनी अंदाज सांगायचा, मग मोजायचं. कोळशाच्या उघड्या डब्यांची पूर्ण गाडी ५८-५९ डब्यांची, पेट्रोलच्या टाक्यांची ५० च्या आसपास, कंटेनरची ४५. टाक्या पानेवाडीला बघा, मनमाडच्या अलीकडे, तिथे तेलाचे मोठे डेपो आहेत. मोजताना दोघांनी मोठ्याने मोजू नये, दोघंही चुकतात. एकाने बोटं मोडायची, दुसऱ्याने दहाचे गट धरायचे. तुमची गाडी आणि मालगाडी दोन्ही धावत असतील तर डबे मोजता येत नाहीत, ते सोडून द्या. ती उभी असेल तेव्हाच मोजा.

आणि समोरून प्रवासी गाडी गेली की शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली दिसते. स्टेशनवरचा माणूस ती बघतो म्हणजे गाडी पूर्ण आली, मधला डबा तुटून मागे राहिला नाही, हे त्याला कळतं. हे सांगितलं की पोरं प्रत्येक गाडीची फुली तपासत बसतात भो.

गिरणाकाठ
माहेजी-म्हसावदला उजव्या हाताला गिरणेचा पूल दाखवा मुलांना, छान दिसतो.

किलोमीटर_दगड
@गिरणाकाठ, मुख्य लाइन गिरणा ओलांडतच नाही दादा. नदी लाइनीच्या उत्तरेकडून वाहते आणि जळगावच्या पश्चिमेने तापीकडे जाते. गिरणेचा रेल्वे पूल बघायचा असेल तर सुरत लाइनीवर, जळगाव–पाळधीच्या मध्ये. दुसरा चाळीसगाव–धुळे शाखेवर. ताईंना परतीला अमळनेरलाच उतरायचंय, म्हणजे हा पूल त्यांच्या वाट्याला येणार नाही. अमळनेरला बोरी आहे.

गिरणाकाठ
बरोबर, सुरत लाइनीचं डोक्यात होतं. चूक झाली.

हुकूम_किलवर
पत्त्यांवर भांडण का होतं ते सांगतो. खेळ चुकीचा निवडलेला असतो. गाडीत तासाभराचा डाव लावला की मध्ये चहावाला येतो, तिकीट तपासनीस येतो, कुणाला तरी उठावं लागतं, पत्ते सांडतात आणि "माझे बघितले" सुरू होतं. म्हणून दहा मिनिटांत संपेल असाच डाव घ्या.

चौघं असाल तर मेंढीकोट. ५२ पत्ते, प्रत्येकी १३, दोन जोड्या. चार दश्या म्हणजे मेंढ्या. ज्या जोडीकडे तीन मेंढ्या ती जिंकली, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात त्यांची सरशी. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या तर कोट. गाडीत कट हुकूम खेळा: पहिल्यांदा ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल तो जे पान टाकेल तोच रंग हुकूम. बंद हुकूमात एक पान पालथं सांभाळावं लागतं, ते गाडीत हमखास उडतं.

बसण्याची गोम इथे आहे. घरी भिडू समोर असतो. बर्थवर दोघं इकडे, दोघं तिकडे बसले की भिडू तिरका येतो आणि शेजारी बसलेला विरोधक पत्ते बघतो. मुद्दाम नाही, दिसतातच. उपाय: शेजाऱ्यांनी एकमेकांकडे थोडी पाठ करून बसायचं आणि पत्ते पंख्यासारखे पसरायचे नाहीत, गठ्ठ्यात धरून एकेक सरकवून बघायचे. मध्ये सुटकेस उभी करा, तिच्यावर ओलसर पंचा. ओलसर पंच्यावर पानं घसरत नाहीत. वरचा पंखा डावाच्या बाजूला वळलेला असेल तर बंद करा, त्याची बटणं त्याच कप्प्यात असतात. प्लास्टिकचे पत्ते घेतलेत तर ते जास्त घसरतात हे लक्षात ठेवा, त्यांना पंचा हवाच.

तिघंच उरलात तर पाच-तीन-दोन. ३० पत्ते: आठपासून एक्क्यापर्यंत चारही रंग (२८) आणि दोन सत्त्या. आधी पाच-पाच वाटायचे, हुकूम बोलायचा, मग उरलेले पाच-पाच. हुकूम बोलणाऱ्याचे ५ हात, वाटणाऱ्याचे २, तिसऱ्याचे ३. ज्याचे कमी पडले त्याची पुढच्या डावात तेवढी पानं ओढायची. १२ वर्षांच्या पोराला हा डाव अर्ध्या तासात येतो, आणि मोठ्यांना तो हरवायलाही लागतो.

रमी नको. तेरा पानं हातात, मध्ये दोन गठ्ठे, सुटकेसवर जागा पुरत नाही. लहान्यासाठी गाढव झब्बू. चॅलेंज मुलांना आवडतो, पण आरडाओरडा होतो, शेजारचा कप्पा वैतागतो.

पैसे लावू नका, एक रुपयाही. गुन्हा आहेच, शिवाय बघता बघता अनोळखी माणूस "मी पण बसू का" म्हणतो. तीन पत्त्यांवर पैसे लावायला लावणारी टोळकी गाड्यांत असतात, त्यांचे पहिले दोन जिंकणारे त्यांचेच असतात.

वातीवाली_काकू
सासूबाईंचं कुणीच लिहिलं नाही, मी लिहिते. त्यांना वाती करायला द्या. पण कापूस सुटा नेऊ नका, डबाभर उडतो आणि शेजाऱ्यांना शिंका लागतात. घरीच सरकी-कचरा काढून, पिंजून, पेळू (कापसाच्या लांबट गुंडाळ्या) करून न्या. झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात पेळू, दुसऱ्या छोट्या डब्यात तयार वाती. मांडीवर गडद रंगाचा रुमाल, पांढऱ्यावर कापूस दिसत नाही.

फुलवातीला नखाएवढा कापूस घ्यायचा, बोटांनी गोल पातळ पसरायचा, मधोमध चिमटीत धरून वरचा देठ पिळायचा. बोट कोरडं असेल तर पीळ बसत नाही. घरी दुधाचं बोट लावतात, गाडीत दूध नासतं, म्हणून पुडीत चिमूटभर चाळलेली राख न्या. राख जास्त झाली तर वात काळपट होते. तेलवात मांडीवर वळायची, पण गाडीच्या हादऱ्यात ती एका बाजूला जाड होते, मग एका टोकाने पेटते आणि दुसऱ्या टोकाने विझते. म्हणून गाडीत फुलवातीच बऱ्या.

मिनिटाला तीन-चार होतात म्हटलं तर तासाला दोनशे. कुणी लक्ष वातींचा नेम धरलेला असेल तर लाखाचा हिशोब लागतो, तेव्हा पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून ठेवा, नाहीतर उतरताना मोजणी विसरते. सात वर्षांच्या पोरीला वा पोराला जुड्या बांधायचं काम द्या, दोरा लांब कापून द्या.

खिडकीशी मात्र बसू नये, कापूस बाहेर जातो आणि पंख्याखाली तर नाहीच. मधली जागा.

आणि काकू, विणकाम आवडत असेल तर क्रोशाची सुई न्या, दोन सुयांचं विणकाम नको. दोन सुयांच्या टाक्यांची रांग एका धक्क्यात सुईवरून उतरते. क्रोशात एकच टाका उघडा असतो, सुई काढून तो मोठा ओढून ठेवला की कुणीही उठू शकतं.

अमळनेरकर_ताई
काकू, मीच त्यांची सून, काकू मला नको म्हणू हो :) पण पेळूची कल्पना अगदी घेते. एक विचारायचंय: जळगावहून जाताना खिडकी कुठली? आणि मोबाइलवर गाडी कुठे आहे ते मी तरी बघू शकते ना, घाटात रेंज जाते म्हणून विचारते.

किलोमीटर_दगड
मुंबईकडे जाताना तुमचा उजवा हात उत्तरेला, डावा दक्षिणेला. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दुपारी ऊन डाव्या खिडक्यांत येतं. सावली हवी तर उजवी. पण बघायचं बहुतेक डावीकडे आहे: चाळीसगावजवळ सातमाळ्याची रांग, मनमाडच्या आसपास हडबीची शेंडी, तो अंगठ्यासारखा सुळका, आणि अंकाई-टंकाईचे किल्ले. तिकिटावरून डावी-उजवी कळत नाही, कारण डबा गाडीला कुठल्या तोंडाने जोडलाय ते आधी ठाऊक नसतं. ७ आणि ८ हे बाजूचे बर्थ असतात आणि पुढे आठ-आठच्या हिशोबाने १५-१६, २३-२४, एवढंच नक्की. दोन्ही बाजूंना एकेक खिडकी मिळेल असे बर्थ घ्या आणि मुलांची पाळी मनमाडला बदला.

रेंजचं म्हणाल तर 'व्हेअर इज माय ट्रेन' ॲप इंटरनेट नसताना मोबाइल टॉवरवरून जागा दाखवतं. नकाशा आधी उतरवून ठेवलात तर जीपीएसला इंटरनेट लागत नाही, फक्त फोन खिडकीजवळ धरायचा. बोगद्यात दोन्ही बंद. चार्जिंगला विसंबू नका: रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगची बटणं बंद ठेवतात, तुमचा प्रवास दिवसाचा आहे, पण जुन्या निळ्या डब्यांत ११० व्होल्ट डीसी असतो. फोनचा चार्जर चालतो, मोटर असलेलं काही लावू नका.

दादरची_भाकर
खाण्यात वेळ जातो हे कुणी मान्य करत नाही, पण जातो. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा अर्धा किलो न्या, सात जणांना तास-दीड तास पुरतात. सोलून नेऊ नका, सोलण्यातच वेळ आहे. दोन कागदी पिशव्या न्या, एक शेंगांना, एक टरफलांना. एकच नेली की टरफलं सीटखाली जातात आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात.

केळी आपल्याकडची न्यायची असतील तर देठाकडे हिरवट छटा असलेली घ्या, पूर्ण पिवळी घेतली तर कल्याणपर्यंत डाग पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत घाम येऊन काळी पडतात, कापडी पिशवीत घालून खुंटीला टांगा. सामानाखाली कधीच नको.

भरीत न्यायचं तर सकाळी केलेलं दुपारच्या जेवणाला संपवा, संध्याकाळपर्यंत ठेवू नका. सोबत पोळी बरी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर थंड झाली की तुटते. शेवभाजी घरीच खाऊन निघा, तिची तर्री बर्थच्या रेक्झिनवरून निघत नाही. कोरडी शेंगदाण्याची चटणी सगळ्यात सुटसुटीत.

अपडाऊन_पाचोरा
परतीचं राहिलं. सुरत लाइनीवर मुलांना नवापूर दाखवायलाच हवं. महाराष्ट्र-गुजरातची हद्द त्या स्टेशनमधूनच जाते, फलाटावरचा एक बाक अर्धा इकडे, अर्धा तिकडे आहे. गाडी तिथे थांबणार आहे का ते वेळापत्रकात आधी बघा, आणि थांबली तरी उतरू नका, थांबा लहान असतो. तुम्ही सुरतकडून येणार, तेव्हा खेळ असा: उधना, बारडोली, व्यारा, सोनगढ या पाट्यांवर गुजराती लिपी, नवापूरनंतर मराठी. बदल कुठल्या पाटीवर झाला ते पहिल्यांदा जो सांगेल तो जिंकला. गुजराती अक्षरांवर रेघ नसते, एवढी एकच खूण सात वर्षांच्या मुलाला पुरते.

पुढे नंदुरबारच्या आसपास लाल मिरच्यांच्या पथारी दिसल्या तर खिडकी खाली घ्या, ठसका लागतो. नंतर दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, मग अमळनेर. नरडाणा गेलं की वही-पेन्सिल, पत्ते, वातींचा डबा पिशवीत भरायला लागा, आणि बर्थखाली हात घालून एकदा चाचपा. पत्त्यांतली एक पंजी नेहमी तिथेच सापडते.